गाडीच्या काचेचं विसर्जन

नव्वदीच्या दशकाच्या मध्यात, मार्गशीर्ष वद्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसात वाजता, काशीच्या ब्रह्मा घाटासमोर गंगेच्या मध्यप्रवाहात एका परदेशी स्पोर्ट्स कारची पुढची काच समंत्रक विसर्जित करण्यात आली. नावेत नावाडी धरून सहा माणसं होती. त्यांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती.

विसर्जन करणारे माझे सख्खे काका, वैदिक ब्राह्मण. मी तेव्हा शहरातल्या एका हिंदी दैनिकात वार्ताहर होतो आणि दूधविनायकाजवळ काकांच्याच घरी राहत होतो. नावेत मी नव्हतो, घाटाच्या पायरीवर होतो.

गाडी कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याची होती. काळी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. हा सेठ काकांचा जुना यजमान. त्याला साडेसाती चालू होती. दोन वर्षांत त्याच्या मुलानं ही गाडी दोनदा ठोकली, धंद्यात खटला उभा राहिला, घरात आजारपण आलं. तिकडच्या कुणा ज्योतिषानं सांगितलं की शनी गाडीतच बसला आहे. एखाद्यानं गाडी विकून टाकली असती. पण विकलेला शनी गिऱ्हाईक परत आणून देऊ शकतं. ब्राह्मणाला दान दिलेला परत येत नाही. सेठनं काशीला पत्र लिहिलं. येत्या अमावास्येला शनिवार होता.

शनीचं दान म्हणजे लोखंड, तेल, काळे तीळ, काळं कापड. वस्तूबरोबर पीडाही येते, म्हणून आमच्यातले वैदिक हे दान घेत नाहीत, घेणाऱ्याच्या पंक्तीलाही बसायला कुरकुरतात. काका गेली तीस वर्षं हेच सांगत आले होते. सेठचं पत्र आल्यावर आठवड्याभरात त्यांना आधार सापडला की ठरावीक जप केला तर घेणाऱ्याला दोष लागत नाही. जपाची संख्या त्यांनी स्वतःच ठरवली. गाडी झाकायची ताडपत्री त्याआधीच शिवायला टाकली होती.

"अहो, पण तुम्हाला चालवता कुठे येते?" काकूनं विचारलं.

"दान चालवायचं नसतं. स्वीकारायचं असतं."

"आणि ठेवणार कुठे? गल्लीत सांड आला तरी आपण भिंतीला चिकटतो."

काका जागा शोधायला बाहेर पडले. मैदागिन चौकाच्या मागे एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं आवार होतं. तिथे शेडखाली जागा मिळाली.

रविवारी संध्याकाळी सेठचा ड्रायव्हर गाडी घेऊन तिथे पोहोचला. पन्नाशीचा, मूळचा बिहारातल्या छपऱ्याकडचा माणूस. सेठकडे एकोणीस वर्षं नोकरीला होता. गॅरेजवरच्या खोलीत त्याची बायको आणि दोन मुली राहत होत्या. येताना वाटेत सासारामच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकातून एक दगड उडाला होता आणि काचेला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा गेला होता.

त्यानं काकांना जे सांगितलं ते मी समोर उभा राहून ऐकलं. निघताना सेठ म्हणाला होता की गाडीला ओरखडा जरी आला तरी परत यायचं नाही. फुटकी वस्तू दानाला चालत नाही, आणि हे दान चुकलं तर शनी घरातच राहील. सेठ शनिवारी सकाळी स्वतः येणार होता.

"महाराज, शनीचर तक शीशा लग जाए. बस मालिक को पता न चले. नहीं तो हमार नौकरी गई, कोठरी भी गई."

"नाही कळणार," काका म्हणाले. मग हिंदीत, जरा हात उंचावून, "हमारा वचन है."

माणूस चटकन वाकून पाया पडला. काकांनी पडू दिलं.

सोमवारी लहरताऱ्याकडून काचेचा मिस्त्री आला. बस आणि ट्रकच्या काचा बसवणारा माणूस, बोटांवर कापल्याच्या जुन्या खुणा. गाडीभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला की अशी काच बनारसमध्ये नाही आणि दिल्लीहून मागवायची तर महिना जाईल. पण बसची मोठी काच घेता येईल. तिला वेगवेगळ्या जागी वेगवेगळी गोलाई असते. ही जुनी काच तिच्यावर ठेवून फिरवत जायचं, जिथे गोलाई जुळेल तिथे आखायचं आणि तेवढा तुकडा कापायचा. काम चार दिवसांत होईल.

तो आत सीटवर आडवा झाला, पायांना फडकं गुंडाळलं आणि टाचांनी कडेकडेनं दाबत काच रबरातून अलगद बाहेर काढली. अशी काच दोन थरांची असते, मध्ये पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे तडकली तरी विखुरत नाही. अखंड निघाली. संध्याकाळ होत आली होती आणि त्याच्याकडे सायकल होती. सकाळी नऊला ट्रॉली रिक्षा घेऊन येतो, असं तो म्हणाला. आवारात रात्रभर मजूर असतात, म्हणून काच कांबळ्यात गुंडाळून काकांच्या घरी आणून ठेवली. हे काकांनीच सुचवलं.

त्या संध्याकाळी समोरच्या घरातले शास्त्री आणि आणखी दोघे विद्वान आमच्याकडे आले. ते गाडीविषयी ऐकून आले होते. काका शनीचं दान घेतात याचा त्यांना राग नव्हता. गाडी आपल्याला का नाही, याचा होता. शास्त्रींनी कांबळं उचलून पाहिलं.

"खंडित आहे."

"म्हणून तर बदलतोय," काका म्हणाले.

"बदलाल. पण दानाच्या आधी दानातली खंडित वस्तू घरात ठेवलीत. मूर्ती भंगली तर काय करता?"

"विसर्जन."

"मग?"

"अहो, ती मूर्ती. ही गाडी."

"दसऱ्याला गाडीला हार घालता ना? पूजा होते त्याला नियम लागतो. सूर्योदय झाला की पहिल्या नावेनं गंगेत. नाहीतर ग्रह घरात शिरला असं समजा, पुढे आमच्या नावानं बोटं मोडू नका."

मी म्हटलं की मिस्त्री ती काच न्यायला येणार आहे.

"नवी बसवायला जुनी कशाला?" काकांनी विचारलं.

"मूर्तिकार नवी मूर्ती घडवताना जुनी मागतो का कधी?" शास्त्री म्हणाले. इतर दोघे हसले. या चौघांकडे मिळून दीडशे वर्षांचं अध्ययन सहज असेल. मापाचा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही. काचेला हळदकुंकू लावायचं की नाही यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली. शनीला कुंकू नको, असं ठरलं. बुक्का लावला.

ड्रायव्हरला कुणी विचारलं नाही. तो आवारात गाडीतच झोपला होता.

मंगळवारी नऊ वाजता मिस्त्री दारात आला. ड्रायव्हर त्याच्या मागे होता.

"शीशा दे दीजिए पंडितजी."

"विसर्जन हो गया."

"किसका?"

"शीशे का. गंगाजी में. विधिपूर्वक."

मिस्त्रीनं विचारलं, "टायर पंचर हो जाए तो उसको भी फूँक देते हैं क्या मणिकर्णिका पे?"

"जबान सँभालकर," काका म्हणाले.

"अरे महाराज, वही तो नाप था! अब किस पे रख के काटूँ, आपके सिर पे?"

 ड्रायव्हर दाराच्या पायरीवर बसला. काकूनं त्याला पाणी आणून दिलं आणि आत जाऊन काकांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "त्या माणसाची भाकरी बुडवलीत तुम्ही. आणि ती नुसती नाही, मंत्र म्हणून."

ड्रायव्हर उठला तो थेट घाटावर गेला. ज्या नावाड्यानं विसर्जनाला नाव नेली होती त्यालाच त्यानं गाठलं. नावाडी म्हणाला की आजवर पाण्यातून नाणी काढली, कलश काढले, एकदा सोन्याची नथ काढली. "शीशा पहिली दफा है. पानी में पानी जैसा दिखेगा." तरी तो तयार झाला. मंगळवारी दुपारी आणि बुधवारी सकाळपासून त्याचा भाऊ बुड्या मारत होता. ड्रायव्हर नावेत बसून कांबळं धरून असे. बुधवारी तीनच्या सुमाराला भावाच्या पायाला कड लागली. दोरी बांधून त्यांनी काच पाण्याखालून ओढत घाटाजवळ आणली.

तोवर बातमी वर पोहोचली होती. शास्त्री पायऱ्या उतरत आले, मागे काका.

"वर काढायची नाही," शास्त्री दुरूनच ओरडले. "गंगेला दिलेलं परत घेता? नावाडी, तुला घाटावर धंदा करायचा आहे ना?"

नावाड्याला धंदा करायचा होता. त्यानं काच गुडघाभर पाण्यात पायरीवर टेकवली आणि दोरी धरून उभा राहिला. ड्रायव्हरनं काकांपुढे हात जोडले. काका शास्त्रींकडे पाहू लागले. हेच काका सोमवारपर्यंत शास्त्रींना पोपट म्हणत.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला आणि म्हणाला की वर्कशॉपमध्ये नेता येत नसेल तर निदान नावेत ठेवू द्या, मी आखून घेतो. मग घाटाच्या पायरीवर जी चर्चा झाली ती मी घड्याळ लावून ऐकली. पंचेचाळीस मिनिटं चालली. विषय असा की नाव ही गंगेचा भाग मानायची की जमिनीचा. नाव गंगेचा भाग मानली तर काच नावेत ठेवणं म्हणजे गंगेतच ठेवणं. पण मग नावेत बसलेल्या प्रत्येकाला गंगास्नानाचं पुण्य लागेल, आणि ते कुणाला मान्य नव्हतं. अखेर निर्णय झाला की नाव नाही. काच पाण्याखाली असेपर्यंत तिला हात लावायला हरकत नाही. ऊन उतरत आलं होतं.

मिस्त्रीनं पायजमा वर खोचला आणि तो मार्गशीर्षातल्या गंगेत उतरला. ड्रायव्हर आणि नावाड्याचा भाऊ दोन बाजूंनी काच पाण्याखाली धरून होते. मिस्त्रीनं मऊ तार काचेवर दाबत तिची गोलाई उचलायला सुरुवात केली. एक तार आडवी, दोन उभ्या, दोन तिरक्या. त्याचे ओठ निळे पडले होते. वरच्या पायरीवर काका शाल लपेटून उभे होते. "जरा जल्दी कीजिए," ते एकदा म्हणाले.

"आप आ जाइए ना, जल्दी हो जाएगा," मिस्त्री खालून म्हणाला.

काम झाल्यावर काच पुन्हा मध्यप्रवाहात सोडली. मंत्र पुन्हा म्हणायचे का, असा प्रश्न निघाला. पाण्याबाहेर आलीच नव्हती म्हणून नको, असं ठरलं.

गुरुवारी मी लहरताऱ्याला गेलो. बाहेरच्या कडेचा आकार मिस्त्रीनं गाडीच्या चौकटीवर आमच्या दैनिकाचे जुने अंक चिकटवून काढला होता. वाकवलेल्या तारा बसच्या काचेवर फिरवून त्यानं जागा शोधली. दोन्ही बाजूंनी हिऱ्यानं रेघ मारली, खालून ठोकून काच तडकवली, फटीत स्पिरिट ओतून पेटवलं आणि पापुद्रा मऊ झाला तसा ब्लेडनं कापत गेला. ड्रायव्हर सकाळपासून तिथेच होता. त्यानं काच उन्हात धरून दोनदा पुसली. "असल से भी बढ़िया," तो मला म्हणाला. त्या चार दिवसांत मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

शुक्रवारी दुपारी आवारात काच बसवायला घेतली. रबराच्या खाचेत सुतळी फिरवली, साबणाचं पाणी लावलं, काच बाहेरून टेकवली. ड्रायव्हर आत बसून सुतळी ओढू लागला, तसतसं रबर चौकटीवर चढत गेलं. खालची कड बसली. डावी बाजू बसली. उजवीकडचा वरचा कोपरा पाव इंच उचललेला राहिला. पाण्यातली वस्तू जिथे असते तिथे दिसत नाही, आणि मिस्त्रीनं डोळ्यांवर जितका भरवसा ठेवला तितका बोटांवर ठेवला नव्हता. हे त्यानंच नंतर सांगितलं. त्यानं तळहातानं कोपरा हलकेच दाबला. टक् असा एक आवाज झाला. नवी काच कोपऱ्यापासून खालपर्यंत तडकली.

मिस्त्रीकडे तशी दुसरी काच नव्हती. त्यानं काच काढून बाजूला ठेवली आणि आपली हत्यारं पिशवीत भरली. "सूखे में नाप लेने देते तो बैठ जाता," एवढं तो ड्रायव्हरला म्हणाला.

संध्याकाळी चौघे विद्वान पुन्हा आमच्याकडे जमले. प्रश्न असा की आता दान कसं होणार. सेठ कलकत्त्याहून रेल्वेनं निघाला होता, त्याला थांबवणं शक्य नव्हतं. गाडी हातची गेली तर सेठ दुसरा ब्राह्मण शोधील, हे काकांना दिसत होतं. या दानात आपल्यालाही काहीतरी मिळेल, हे इतर तिघांच्या लक्षात आलं होतं. काकांनी त्यांना शनिवारची दक्षिणा आणि भोजन आधीच सांगून ठेवलं होतं. अर्ध्या तासात उत्तर निघालं.

"चाकं हे अंग," शास्त्री म्हणाले. "यंत्र हे अंग. काच हे नुसतं आवरण. खिडकीची काच फुटली म्हणून घर खंडित होतं का?"

"नाही होत," काका म्हणाले.

"झालं तर. गाडी अखंड आहे."

काकू दारात उभी होती. "मग सोमवारी काय झालं होतं?" तिनं विचारलं.

शास्त्रींनी पानाचा डबा उघडला. काका म्हणाले, "चहा आण."

शनिवारी सकाळी दहा वाजता सेठ आवारात आला. सोबत मुनीम होता. गाडी धुऊन पुसून उभी केली होती. सीटवर काळे तीळ, बॉनेटवर लोखंडी वाटीत तेल, स्टीयरिंगवर काळं कापड. पुढे काच नव्हती. ड्रायव्हर मागच्या चाकापाशी उभा होता, स्वच्छ सदरा घालून.

सेठनं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "शीशा कहाँ है?"

शास्त्रींनी अंग आणि आवरण यांतला भेद समजावून सांगितला. दान निर्दोष आहे, असं चौघांनी एकमुखानं सांगितलं. सेठनं ते ऐकून घेतलं. मग पुन्हा विचारलं, "वो ठीक है. पर शीशा गया कहाँ?"

ड्रायव्हरनं काकांकडे पाहिलं. काकांच्या ओंजळीत संकल्पाचं पाणी होतं. दगडानं तडा गेला होता, ही खरी गोष्ट होती. गुरुवारी-शुक्रवारी नवी बसली असती, पण आम्ही जुनी नदीत टाकली, हीही खरी गोष्ट होती. काकांनी पहिलीच सांगितली.

"आते समय रास्ते में टूट गया. आपके ड्राइवर से. हमने तो बहुत प्रयत्न किया."

"महाराज, आपने वचन..." ड्रायव्हर म्हणाला.

"संकल्प के बीच में बोलना नहीं," शास्त्री म्हणाले.

दान झालं. सेठनं काकांच्या हातावर पाणी सोडलं आणि मागे न पाहता चार पावलं चालून गेला, तसं करायचं असतं म्हणून. मग थांबून ड्रायव्हरला म्हणाला, "चाबी पंडितजी को दे दो."

"मालिक, पत्थर लगा था. ट्रक का."

"मैंने चलते समय क्या कहा था?"

ड्रायव्हरनं किल्ली सीटवरच्या तिळांवर ठेवली. सेठ मुनिमाला घेऊन टॅक्सीत बसला आणि स्टेशनकडे गेला. ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "बाबू, आप तो हर जगह थे."

होतो. सेठसमोर मी काही बोललो नव्हतो.

काकूनं त्याला जेवायला बोलावणं पाठवलं. तो आला नाही. लाकडाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की संध्याकाळी तो पिशवी घेऊन सिटी स्टेशनच्या दिशेनं चालत गेला. विद्वानांचं भोजन आमच्याकडे झालं. त्या दिवशी बासुंदी होती. काका पहिल्या पंक्तीला बसले आणि कुणी कुरकुर केली नाही.

रविवारी मी सेठला पत्र लिहिलं. घटना वारानुसार, वेळेसह, दोन पानं. दगड, मिस्त्रीचा अंदाज, विसर्जन, पाण्यातलं माप, काकांनी दिलेला शब्द. विशेषणं घातली नाहीत. शेवटी एवढंच लिहिलं की नवी काच न बसण्यात ड्रायव्हरचा दोष नाही. पत्र रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं, पोचपावती परत आली. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिही, लिही. तुझा धंदाच तो." मग जपाला बसले.

गाडी शेडखालीच होती. ताडपत्री बाहेरच्या आकारावर शिवलेली असल्यामुळे काचेच्या जागी ती आत लोंबू लागली आणि तिच्यात दव साचून सीटवर गळू लागलं. काकांनी एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिलं. त्यांना बाहेर काढायला दोन मजूर लागले.

सुमारे दीड महिन्यानं कलकत्त्याहून उत्तर आलं. मुनिमाच्या अक्षरात, काकांच्या नावानं. माझ्या पत्राचा त्यात उल्लेख नव्हता. गाडीचे कागद काकांच्या नावावर करण्यासाठी कोणत्या सह्या लागतील ते लिहिलं होतं. दान दिल्यापासून घरात आराम आहे, असं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत होतं की गॅरेजवरची खोली रिकामी करून घेतली असून तिथे नवा ड्रायव्हर राहायला आला आहे.